शहर मतदारसंघातलं वेळेवर लागलेलं लग्न

नगर शहरात लग्न पत्रिकेतल्या वेळेला लागलं, तर पाहुण्यांनाच कसंतरी होतं. मुलीच्या बापाला गावात कोणी विचारत नाही की काय, अशी शंका येते. चार माणसांत वावरणाऱ्याच्या लग्नात आधी एक माजी आमदार यावे लागतात, मग दुसरे माजी, मग भावी, आणि अक्षता घामानं तळहाताला चिकटल्यावर सगळ्यात शेवटी सध्याचे. मग फेटा, शाल, नारळ आणि 'दोन शब्द'. दोन शब्द बोलायला उठलेला माणूस दोनावर थांबला, असं या मतदारसंघात अजून घडलेलं नाही.

या सगळ्यांना मानपानासकट स्टेजवर बोलावणारा माणूस म्हणजे मच्छिंद्र गाडळकर. नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, स्टोअरला. पण ओळख सगळी माइकवरची. लग्न असो, वास्तुशांत असो, दशक्रिया असो, पुढारी येणार म्हटलं की मच्छिंद्र हवाच. कारण कोणाला काय म्हणायचं हे त्यालाच कळायचं. माजीला नुसतं 'माजी' म्हणायचं नाही, 'शहराच्या विकासाचे शिल्पकार' म्हणायचं. ते ऐकलं की माणूस आपण पडलो हे विसरतो. भावीला मात्र 'भावी' ठासून म्हणायचं, कारण त्याला म्हणण्यासारखं दुसरं काही नसतं. आणि निवडून आलेल्याचं नाव जरा घाईत उरकलं तरी चालतं. त्याचं पोट भरलेलं असतं.

मतदारसंघाचा सगळा इतिहास मच्छिंद्रच्या या क्रमात बसलेला होता. भिमाजीअण्णा पहिल्यांदा निवडून आले ते सायकलवरून प्रचार करून, दुसऱ्यांदा जीपमधून. तिसऱ्यांदा गाडीला गार हवेचं यंत्र आलं, अण्णांनी काच वर केली आणि तिथंच ते पडले, असं बाजारपेठ म्हणते. त्यांना पाडलं हनुमंतशेठनी. शेठ कापडवाले, अपक्ष, चिन्ह कपबशी. चिन्ह घरोघर पोचावं म्हणून त्यांनी शहराला इतका चहा पाजला, की शेठ निवडून आले आणि शहराला पित्त झालं. पुढं शेठना पाडलं त्यांच्याच जावयानं, आदिनाथदादानं. आणि आदिनाथदादा कोण? तर भिमाजीअण्णांचा सख्खा भाचा. म्हणजे पक्ष फुटले, झेंडे बदलले, घोषणा बदलल्या, आणि जागा फिरून फिरून एकाच घरातल्या दिवाळीच्या फराळाला बसली.

या सगळ्यांत प्रत्येक वेळी उभे राहायचे ते कादरभाई, स्कूटरच्या सुट्या भागांचे दुकानदार, चिन्ह शिट्टी. केस काळे होते तेव्हापासून ते भावी. आता दाढी पांढरीशुभ्र झाली, तरी भावीच. "मच्छिंद्र, माझ्या मयतीलाही भावीच म्हण," ते सांगून ठेवायचे. "लोक निदान दचकून बघतील तरी."

फक्त एका निवडणुकीचं नाव मच्छिंद्र माइकवर कधीच काढायचा नाही. मतपत्रिकांवरची ती शेवटची निवडणूक, शेठ निसटते आले आणि अण्णा पडले ती. त्या वेळी मतपत्रिकेवर कपबशी आणि शिट्टी खालीवर छापलेली होती, आणि मधल्या रेघेवर शिक्के पडलेला एक गठ्ठा निघाला होता. अधिकाऱ्यांनी तो शेठच्या कपबशीत टाकला. अण्णांचं म्हणणं, ती मतं शिट्टीला गेली असती तर शेठ पडले असते आणि मी आलो असतो. कादरभाईंचं म्हणणं, मतं माझी होती, अण्णांनी मधे मधे करू नये. शेठचं म्हणणं, मोजून झालंय. ऐन तारुण्यातला मच्छिंद्र तेव्हा मतमोजणीच्या मांडवाबाहेर भोंग्यावरून फेरीवार आकडे सांगायला होता. त्याला आजही सगळं पाठ होतं. पण तिघं एका सोफ्यावर असताना तो विषय काढणं म्हणजे पेट्रोल पंपावर काडी ओढणं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

असा हा मच्छिंद्र, आणि त्याच्याच पोरीचं लग्न ठरलं.

सृष्टीनं पहिल्याच दिवशी बापाला समोर बसवलं. "पप्पा, माझ्या लग्नात तुम्ही माइकला हात लावायचा नाही. सत्कार नाही, भाषण नाही. मुहूर्तावर लग्न."

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, गाडळकराच्या घरी जेवण गरम होतं."

मच्छिंद्रची बायको पंकजा आतून म्हणाली, "शब्द द्या तिला. आणि मला ऐकू येईल असा द्या."

त्यानं दिला. द्यावाच लागला, कारण मुलाकडची अट त्याहून कडक होती. नवरदेव पार्थ गरीब स्वभावाचा, पण त्याची आजी पुष्पावतीबाई अकोले तालुक्याच्या डोंगरातली. सुपारी फोडताना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माज्या ल्योकाच्या लग्नात पुढाऱ्यासाटी खोळंबलो. पुढारी आला, पर भटजी दुसऱ्या लग्नाला निगून गेल्ते. मंग पुढाऱ्यानंच दोन मंगलाष्टका म्हटल्या, त्या बी आरतीच्या चालीवर. म्हूर्त टळला तर म्या नातवाला घिऊन अकोल्याची यष्टी धरीन. सांगून ठिवते."

कोणीतरी हसलं. पुष्पावतीबाई हसल्या नाहीत.

मच्छिंद्रनं पुढाऱ्यांना पत्रिका पाठवली नाही. नुसतं कळवलं. पण महापालिकेच्या निवडणुकीची हवा तापलेली. अशा दिवसांत नगरचा पुढारी अनोळखी माणसाच्या बारशालाही जातो. मच्छिंद्रच्या घरचं लग्न तो सोडतो होय?

मुहूर्त दुपारचा होता. केडगावकडच्या मंगल कार्यालयात साडेबाराचा सुमार झाला, भटजींनी अंतरपाट झटकला, आणि दारात पांढऱ्या गाड्या लागल्या. आधी भिमाजीअण्णा काठी टेकत आले. मागोमाग हनुमंतशेठ. त्यांच्यामागं कादरभाई, आणि तिघांमागं मिळून अर्धा हॉल भरेल एवढे कार्यकर्ते. पुढच्या सोफ्यावर पार्थचे मामा-मावश्या बसले होते. ते न सांगता उठले. नगरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

"मच्छिंद्रराव, घ्या माइक," अण्णा म्हणाले. "वधूवरांना दोन शब्द बोलून मोकळं होतो. गुडघा दुखतोय."

"अण्णांचं होऊ द्या," शेठ म्हणाले. "माझं नंतर." नंतर बोलणारा मोठा, हा इथला शिरस्ता.

"मग माझं सगळ्यात नंतर," कादरभाई म्हणाले. "भावीच आहे मी."

तेवढ्यात आमदार आदिनाथदादांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. "दादा निघालेत. अक्षता थांबवा." 'दादा निघालेत' म्हणजे दादा अंघोळीला गेलेत, हा या भाषेचा अर्थ मच्छिंद्रनंच कितीक वधूपित्यांना समजावला होता. 'पोचतायत' म्हणजे निघालेत. आणि 'दारात आहेत' म्हणजे अजून एक लग्न उरकून येतायत.

त्यानं स्टेजकडं पाहिलं. सृष्टी अंतरपाटाच्या एका बाजूला उभी होती, आणि मुंडावळ्यांच्या आडून तिची नजर बापावर रोखलेली होती. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला पुष्पावतीबाईंनी पार्थचं मनगट धरलं होतं. पिशवी काखेत होतीच.

"भटजी, किती वेळ हाय?" त्यांनी विचारलं.

"पाच-दहा मिनिटं आहेत, आजीबाई."

"पार्थ, चपला कुटं काढल्या तू?"

मच्छिंद्र माइकपाशी गेला. माइक हातात घेतला असता तर तिघांना दोन-दोन वाक्यांत बसवण्याची कला त्याच्याकडं होती. पण शब्द दिला होता. माइक सोडून तो सोफ्यापाशी आला, तिघांसमोर उकिडवा बसला आणि अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, "अण्णा, एक विचारायचं राहूनच गेलं बघा. ती रेघेवरच्या शिक्क्यांची मतं... ती खरी कोणाची हो?"

अण्णांची काठी फरशीवर आपटली.

"ती माझी शीट होती!"

"अण्णा, तिसऱ्यांदा मोजली होती," शेठ म्हणाले. "तुमच्याच माणसानं सही केली."

"सही केली कारण त्याला तुमच्या दुकानातून लुगडी उधार मिळायची!"

"एक मिनिट," कादरभाई उठून उभे राहिले. "मतं माझी, आणि भांडताय तुम्ही दोघं? शिक्का माझ्या शिट्टीच्या टोकाला लागला होता. मी डोळ्यांनी बघितलाय."

"कपबशीच्या कानाला लागला होता!"

"कपाला कान असतो, बशीला नसतो, शेठ!"

कार्यकर्ते भोवती जमले. दोघा-तिघांनी आपापले मोबाईल काढून हवेत धरले. कादरभाईंनी एकदा मच्छिंद्रकडं पाहिलं, मग स्टेजकडं, मग पुष्पावतीबाईंच्या काखेतल्या पिशवीकडं. तीस वर्षं पडलेला माणूस. हवा कुठून वाहते हे त्याला कळायला वेळ लागत नाही.

"इथं नको," ते म्हणाले. "पोरांचा दिवस आहे. मर्द असाल तर जेवणाच्या हॉलमध्ये चला. तिथं ताटावर रेघ ओढून दाखवतो."

म्हटल्याबरोबर सगळा लवाजमा उठला. अर्धा हॉल रिकामा झाला. पार्थचे मामा-मावश्या निमूट सोफ्यावर परत बसले. भटजींनी घसा साफ केला.

मच्छिंद्र मात्र स्टेजकडं वळणार, तोच शेठनी त्याचा दंड धरला. "तुम्ही कुठं? तुम्ही भोंग्यावर होता. चला."

जेवणाच्या हॉलमध्येही कर्णा होता. एका टेबलावर कादरभाईंनी स्टीलचं ताट उलटं ठेवलं, वर एक पेला, खाली एक वाटी. "हा कप. ही शिट्टी. आता शिक्का," म्हणत त्यांनी मधोमध लिंबाची फोड ठेवली. अण्णांनी फोड वाटीकडं सरकवली, शेठनी पेल्याकडं. कर्ण्यातून पहिली मंगलाष्टका संपली आणि आवाज आला, "शुभमंगल सावधान!"

आता नगरच्या माणसाचं असं आहे, की 'सावधान' कानावर पडलं की हात आपोआप उठतो. तिघांच्या मुठीत अक्षता होत्याच. अण्णांनी शेठवर उधळल्या, शेठनी अण्णांवर, कादरभाईंनी दोघांवर.

"अधिकारी तुमचा पाहुणा होता!" अण्णा पुढं म्हणाले.

"तुमचाही होता! आपले पाहुणे वेगळे आहेत का?"

"तेवढंच तर माझं गाऱ्हाणं आहे," कादरभाई म्हणाले. "माझा एकही पाहुणा नव्हता."

"सावधान!" पुन्हा अक्षता उडाल्या. अण्णांच्या टोपीवर, शेठच्या चष्म्यावर तांदूळ बसले. वाढपी लांबून पाहत होते. त्यांना वाटलं, लग्न इथंच चाललंय.

शेवटी शेठ दमले. "जाऊ द्या. मच्छिंद्ररावांना विचारू. ते म्हणतील ते खरं. शेवटच्या फेरीला ते शिक्के धरून कोणाला किती आणि सोडून कोणाला किती?"

तिघंही त्याच्याकडं वळले. मच्छिंद्रच्या जिभेवर आकडा होता. नुसता आकडा नव्हे. फेरी, टेबल, वेळ, कोणत्या अधिकाऱ्याला शिंक आली तेसुद्धा. सबंध शहरात हे सांगू शकणारा तो एकटाच उरला होता. आणि सांगितलं, की वाद मिटणार, तिघं उठून स्टेजवर जाणार, गळ्यात गळे घालणार आणि दोन शब्द बोलणार. कर्ण्यावर अजून दोन मंगलाष्टका राहिल्या होत्या.

"मला," मच्छिंद्र म्हणाला, "मला आता आठवत नाही."

अण्णा त्याच्याकडं बघतच राहिले. "तुला आठवत नाही?"

"नाही अण्णा."

"अरेरे," शेठ हळहळले. "चांगला माणूस होता."

वाद पुन्हा पेटला. मच्छिंद्र टेबलाखालून निसटल्यासारखा निसटला, पळत हॉलमध्ये आला आणि शेवटच्या मंगलाष्टकेला पंकजाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. अंतरपाट खाली झाला, ताशा वाजला. पुष्पावतीबाईंनी नातवाचं मनगट सोडलं आणि पिशवी खुर्चीवर ठेवली. पंकजानं पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याच्या केसांतले तांदूळ झटकत म्हणाली, "कुठं उधळून आलात एवढे?"

त्यानंतर बऱ्याच वेळानं आमदार आदिनाथदादा हात जोडत दारातून आले. मच्छिंद्र पुढं गेला.

"दादा, लागलं."

"काय लागलं?"

"लग्न."

दादांनी घड्याळ पाहिलं, मग सहायकाकडं वळून काळजीनं विचारलं, "आपण लवकर आलो का?"

पुष्पावतीबाई पुढं झाल्या. "ह्ये कोन?"

"आमदार आहेत."

"आमदार व्हय? बरं झालं आला बाबा. आता बोलायचं काय ऱ्हायलं न्हाई, जेवाण गरम हाय. हात धुवून घे."

शहरातलं पहिलं गरम जेवण दादांनी त्या दिवशी जेवलं. त्यांच्या उजवीकडं मामा, डावीकडं सासरे. भाषणाचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. अण्णा मात्र भाच्याच्या कानाशी लागले, तेही शेजारच्या पंगतीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं. "महापालिकेच्या सभांना माइकवर दुसरा माणूस बघ रे. मच्छिंद्रचं डोकं चालेनासं झालंय. रेघेवरचे शिक्के विसरला म्हणजे..."

"हो, वय होतंच," दादा म्हणाले आणि बासुंदी मागितली.

शेजारच्या पंगतीत मच्छिंद्र लेकीजावयासोबत बसला होता. त्याचे कान लाल झाले. इतक्या वर्षांची कमाई एका घासात गेली. सृष्टी वाकून हळूच म्हणाली, "पप्पा, खरंच विसरलात तुम्ही?"

"विसरतो होय?" त्याच्या तोंडून गेलं. "फेरी पहिली, टेबल क्रमांक..."

आवाज मतमोजणीच्या मांडवाबाहेरच्या भोंग्याइतकाच खणखणीत लागला. पलीकडच्या पंगतीतली तीन पांढरी डोकी एकदम वळली. अण्णांचा हात काठीकडं गेला. शेठनी घास खाली ठेवला. कादरभाईंनी मान हलवून 'नको, नको' केलं.

मच्छिंद्रनं पानातली सबंध जिलबी उचलली आणि तोंडात कोंबली.