तब्येत ठणठणीत

लाँड्रीत कपडा पाण्यात पडण्याआधी त्याचे खिसे उलटे करायचे, हा नियम हेडमास्तरीणबाईंचा. शाळेचं तोंड त्यांनी तिसरीपर्यंतच पाहिलेलं, पण कामाच्या बायकांवर, गिऱ्हाइकांवर आणि झालंच तर दारातल्या कुत्र्यावरही त्यांचा असा वचक, की हे नाव गल्लीनेच त्यांना बहाल केलं होतं. एकदा कुणाच्या खिशातलं पेन मशीनमध्ये फुटलं आणि हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी निळ्या होऊन बाहेर आल्या. तेव्हापासून खिसे त्या स्वतः बघत. "माणसाचं तोंड थापा मारील," त्या म्हणत, "खिसा नाही मारायचा."

त्या सकाळी सुनेच्या अ‍ॅप्रनच्या खिशात कागदी रुमालात गुंडाळलेली एक गोळी निघाली. दुसऱ्या खिशात आणखी एक.

गोळी त्यांनी लगेच ओळखली. लग्न ठरायच्या आधी ही पोरगी एकटी लाँड्रीत आली होती आणि कपड्यांच्या ढिगाशी उभी राहून म्हणाली होती, "मला लहानपणापासून फिट येतात. गोळ्या घेतल्या की येत नाहीत. नंतर कळून बोलण्यापेक्षा आत्ताच काय ते बोला." हेडमास्तरीणबाईंना ती तिथल्या तिथे आवडली. लेकाला म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा हिच्यात हिंमत आहे, सोडू नकोस." मात्र त्याच दमात त्यांनी दुसरं फर्मानही काढलं, की ही गोष्ट उंबऱ्याच्या आत राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक काय, आज हळहळतील आणि उद्या तेच चहाबरोबर चघळतील.

लग्नानंतर एकदाही फिट आली नव्हती. गोळी एकदाही चुकली नव्हती, म्हणून.

सून मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी होती. सासूबाईंनी तळहात तिच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

सुनेने इस्त्री उभी केली आणि चादरींच्या गाठोड्यावर बसली. "आई, दोन रेघा आल्यात."

"कसल्या रेघा?" असं विचारेपर्यंत उत्तर त्यांचं त्यांना समजलं. त्या मटकन तिच्या शेजारी बसल्या. मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बये! आणि मला हे अ‍ॅप्रनने सांगावं?"

"आजच सांगणार होते. यांना माहीत आहे. काल दिवसभर मी फोन लावत होते दवाखान्यात."

"लागला?"

"लागला. आधी मशीन बोलतं, एक दाबा, दोन दाबा. मग गाणं वाजतं. मग मशीनच तारीख देतं. पुढच्या महिन्याच्या अखेरची."

"आणि तोवर?"

सुनेने मान खाली घातली. "गोळ्यांच्या पाकिटात कागद असतो ना, त्यावर लिहिलंय, गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारा. माझे जुने डॉक्टर गाव सोडून गेले. औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, डॉक्टरांनाच विचारा. घेतली तर बाळाला काही होईल, नाही घेतली तर मला. मग कालपासून तोंडात घालायला हातच होईना. गुंडाळून खिशात टाकल्या."

डाग कसला आणि तो कशाने जातो, हे हेडमास्तरीणबाई झोपेतही सांगत. सून कशी नांदवावी, नवरा कसा गप्प बसवावा, यावर सारी गल्ली त्यांचा सल्ला घ्यायला येई. पण तळहातावरच्या त्या दोन गोळ्यांकडे बघताना त्यांना काही म्हणता काही सुचेना. घे म्हणावं तर भीती, नको म्हणावं तर त्याहून भीती. इथे अंदाजाने बोलणं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवणं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मशीनशी नाही बोलायचं. तोंड असलेल्या माणसाशी बोलू."

"आणि चादरी?"

"चादरी कुठे पळून जात नाहीत."

दवाखान्यात रांग होती. पुढे काचेची खिडकी, काचेला बोलण्यापुरतं भोक आणि पलीकडे केस घट्ट बांधलेली एक मुलगी. रांगेत जेमतेम उभ्या राहतात तोच मागून आवाज आला, "अगंबाई, सासूसून जोडीने! कोण आजारी?"

हेडमास्तरीणबाईंच्या कपाळाची शीर उडाली. शिंपीणबाई! गल्लीत हिला दवंडी म्हणत. हिच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत चार गल्ल्यांत पोचे, आणि पोचेपर्यंत अंगाने चांगली भरलेली असे.

"कुणी नाही," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "तू कशी इकडे?"

"गुडघा हो. शिलाई मशीनचं पॅडल मारून मारून गेला कामातून. पण तुम्ही?"

"आम्ही आपलं सहज."

"दवाखान्यात सहज?"

"तुला काय, हवापालट म्हटलं तर चालेल?"

सून ओठ दाबून हसली. तेवढ्यात खिडकी आली. हेडमास्तरीणबाईंनी काचेला तोंड लावून, दवंडीकडे पाठ करून सांगितलं, "सुनेला दिवस गेलेत. पहिलीच खेप. डॉक्टरीणबाईंना आजच दाखवायचंय."

"अभिनंदन," मुलगी म्हणाली. "पहिल्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्याच्या अखेरची मिळेल."

"पुढच्या महिन्यात काय, बाळाचं बारसंच उरकू म्हणता?"

"बाई, सगळ्यांना तीच तारीख देतोय. तातडीचं काही असेल तर सांगा. रक्त जातंय?"

"नाही."

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"आधीचा काही आजार? रोजच्या गोळ्या वगैरे?"

मागे दवंडीच्या चपला एक पाऊल पुढे सरकल्याचा आवाज झाला. हेडमास्तरीणबाईंचा कणा आपोआप ताठ झाला आणि इतकी वर्षं जे वाक्य त्यांच्या जिभेवर तयारच बसलेलं होतं, ते कुणी न बोलावता बाहेर पडलं.

"आजार? आमच्या घरात? काही नाही. तब्येत ठणठणीत आहे."

"छान. मग महिनाअखेरची तारीख देते," मुलगी म्हणाली आणि खटाखट कळा दाबून तिने एक चिठ्ठी सरकवली. "पुढचे या."

दोघी बाजूला झाल्या. चिठ्ठी घेऊन हेडमास्तरीणबाई दरवाज्यापर्यंत ताठ मानेने चालत गेल्या, पायऱ्यांवर आल्या आणि तिथे त्यांचे पाय थबकले. रस्त्यावरून माणसं आपापल्या कामाला चालली होती. समोरच्या दुकानदाराने फुटपाथवर पाणी मारायला घेतलं होतं. सून शेजारी उभी राहून त्या पाण्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आई, मग आजची गोळी घेऊ का नको?"

हेडमास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी एके दिवशी लाँड्रीत येऊन, कुणी विचारलं नसताना, सगळं सांगून मोकळी झाली होती. आणि आपल्याला आज विचारूनसुद्धा सांगता आलं नाही.

"थांब इथं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही, थांबू नकोस. चल."

त्या तडक खिडकीशी गेल्या. खिडकीशी आता दवंडीच होती, गुडघ्याची कहाणी सांगत. रांगेतून आरडाओरडा झाला. "ओ बाई, रांग आहे!" "आम्ही काय इथं शोभेला उभे आहोत?"

"दोन शब्द बोलते आणि जाते," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या आणि दवंडीला कोपराने जरा सरकवून काचेच्या भोकाशी वाकल्या. हळूच म्हणाल्या, "हे बघ पोरी, ती मघाची, गोळ्या…"

"काय? ऐकू येत नाही. जरा मोठ्याने."

"गोळ्यांचं म्हणतेय."

"बाई, काचेतून नाही ऐकू येत. मोठ्याने बोला!"

हेडमास्तरीणबाई सरळ उभ्या राहिल्या. मशीनच्या घरघराटावर आवाज चढवून आयुष्य गेलेलं. तो आवाज त्यांनी आता पुरा सोडला.

"माझ्या सुनेला फिट येतात! लहानपणापासून! रोज गोळ्या घेते! कालपासून बाळाच्या काळजीने घेतल्या नाहीत! घ्यायच्या का नाही ते मला ठाऊक नाही, आणि जोवर कुणी सांगत नाही तोवर मी इथून हलणार नाही! आता आलं ऐकू?"

सगळ्या रांगेच्या माना वळल्या. कोपऱ्यात रडणारं एक तान्हं मूलही क्षणभर थांबलं.

"अहो, हे मघाशीच नाही का सांगायचं?" मुलगी म्हणाली. तिने फोन उचललाही होता. "सिस्टर, पहिल्या तीन महिन्यांतली आहे, फिटच्या गोळ्या बंद केल्यात… हो, कालपासून… हो, इथंच आहे." फोन ठेवून ती म्हणाली, "असं असेल तर तारीख बघायचीच नसते. आत बसा. आत्ताच्या पेशंटनंतर तुम्हीच."

डॉक्टरीणबाई सुनेहून फार मोठ्या नसाव्यात. हेडमास्तरीणबाईंनी मनात म्हटलं, हिचंच अजून लग्न व्हायचंय वाटतं. पण तिने प्रश्न असे विचारले, की एक उत्तर संपायच्या आत पुढच्याची तयारी करावी लागली. शेवटची फिट कधी आली? गोळी कोणती? किती चुकल्या?

"सासूबाईंनी बाहेर बसलं तरी चालेल," ती मध्येच म्हणाली.

हेडमास्तरीणबाई उठू लागल्या, तोंड वाकडं करत. सुनेने त्यांचं मनगट धरलं. "राहू देत त्यांना. त्याच बोलल्या, म्हणून आत आलो."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि खुर्ची जवळ ओढली. "ऐक. गोळी मनाने कधीच बंद करायची नाही. फिट आली, तू पडलीस, तर त्यात तुलाही धोका आणि बाळालाही. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, पण तुझी चालणाऱ्यांतली आहे. कमी करायची, वाढवायची, ते फिटचे डॉक्टर आणि मी मिळून ठरवू. त्यांना मी आजच फोन करते. जवळ आहे गोळी?"

पर्समधलं पाकीट निघालं. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "आजची घे. माझ्यासमोर."

सुनेने घेतली. घोट घशाखाली उतरला तेव्हा तिचे खांदे, गाठोडं डोक्यावरून उतरवावं तसे, खाली आले. हेडमास्तरीणबाईंनी नाक ओढलं आणि भिंतीवरच्या पोटातल्या बाळाच्या चित्राकडे उगाच बारकाईने बघत राहिल्या.

"ही दुसरी गोळी बाळासाठी, आजपासून रोज. आणि आता रक्त देऊन जा. तुझ्यासारख्या कितीतरी जणींची बाळं मी हातात घेतलीत. लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही."

"तुम्ही? हातात?" हेडमास्तरीणबाईंच्या तोंडून निसटलं. "तुमचं वय ते काय!"

"माझी दोन शाळेत जातात, आजी."

"आजी" ऐकून हेडमास्तरीणबाईंनी पदर सावरला. हा शब्द त्यांना अजून कुणी लावला नव्हता.

बाहेर दवंडी वाट बघत होती. गुडघा एव्हाना कुठल्या कुठे विसरलेला.

"मी नाही हो कुणाला सांगायची," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या पोटात राहील."

"तुझ्या पोटात? तिथं कधी काही राहिलंय?" हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "सांग की! खुशाल सांग. पण नीट सांग. फिट येतात, गोळ्या चालू आहेत, आणि बाळ येतंय. तीनही सांगायचं. एक जरी गाळलंस तर माझ्याशी गाठ आहे."

बंदी नसलेली बातमी दवंडीला जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती. तिचं करायचं काय, हे तिला उमगेना. शेवटी म्हणाली, "पुढे कपडे सैल लागतील पोरीला. माप घ्यायला पाठवा. दुसऱ्या कुणाकडे टाकाल तर बघा."

"तुझी शिलाई उसवते. पण बघू."

रक्त घ्यायच्या खोलीत दोन बाकं आणि पांढऱ्या कोटातला एक दमलेला माणूस होता. कोटावर एक तपकिरी डाग होता. तो हेडमास्तरीणबाईंनी आल्या आल्या हेरला, चहाचा, जुना. त्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कुणाचं घ्यायचंय?"

"हिचं. माझी सून," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "हिला लहानपणापासून फिट येतात. रोज गोळ्या घेते. मधे घेतल्या नव्हत्या, आज पुन्हा सुरू केल्या, डॉक्टरीणबाईंच्या समोर. पहिलीच खेप आहे. आणखी एक गोळी दिलीय, ती बाळाची. हिचे आधीचे डॉक्टर गाव सोडून गेले, पण ते सोडा, माणूस बरा होता म्हणे…"

"आजी, मला फक्त हात हवाय."

"हात देतेय की ती! सगळं माहीत असलेलं बरं. मघाशी एक शब्द गाळला, तर तारीख महिन्यावर गेली होती. आणि हा कोट लाँड्रीत पाठवा, गरम पाण्यात घालू नका, डाग पक्का बसेल."

"आई, पुरे," सून म्हणाली. तिला हसू आवरेना. ती इतकी हसत होती, की सुई कधी टोचली आणि कधी निघाली, हे तिला समजलंच नाही.