एक शे

बेबाबाईनं चपला दाराबाहेर काढल्या, पदर सारखा केला आणि उंबऱ्यावरूनच कॉम्प्युटरला हात जोडले. मागच्या चौघींनीही जोडले. खोलीत कूलर घुमत होता. तालुक्याच्या त्या कचेरीत मोठ्या साहेबालासुद्धा कूलर नव्हता. यंत्राला होता, म्हणजे यंत्र साहेबाच्या वरचं असणार, एवढा हिशेब पाचही जणींनी मनातल्या मनात केला.

"अहो मावशी, पाया काय पडता!" यंत्रापुढच्या नेनेबाई हसल्या. नाशिकहून दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेल्या. "बसा. कुठलं गाव?"

"बोरपाणी," बेबाबाई म्हणाली. "मी मेंबर शे तठली."

मेंबर हा शब्द तिनं जरा जोरातच म्हटला. निवडून येऊन दीड वर्ष झालं होतं, तरी तो तोंडात अजून कोऱ्या लुगड्यासारखा कडक वाटायचा.

एकोणिसशे नव्व्याण्णवचा एप्रिल होता. वरून नवा हुकूम आला होता: दर मंगळवारी कुणीही यावं, आपल्या गावाविषयी सरकारनं काय लिहून ठेवलंय ते पडद्यावर बघावं, आणि चूक असेल तर तिथल्या तिथं हरकत नोंदवावी. पाण्याची साधनं सगळ्यांत कमी असलेल्या पाच गावांना नव्या बोअर मिळायच्या होत्या. ती यादी आज पाच वाजता जिल्ह्याला जाणार होती.

पण बेबाबाई काही चूक शोधायला आली नव्हती. ती आपलं अक्षर बघायला आली होती. साक्षरतेच्या वर्गात दोन वर्षं पाटी घासल्यावर तिनं आयुष्यातला पहिला सरकारी फॉर्म, गावच्या पाण्याचा, स्वतः भरला होता. ग्रामसेवक गिरधर भाऊसाहेब म्हणाले होते, "लिहा तुम्हीच. सहीपुरत्या मेंबर राहू नका." मग तिनं जीभ दातांत धरून एकेक रकाना भरला. ते लिहिलेलं आता यंत्रात गेलं होतं, हे सांगितल्यावर चौघीजणी जीपमध्ये चढल्याच. झुंबरबाई तर रस्ताभर म्हणत होती, "पाहू तं खरं, बेबीना अक्षरं काचमा कशा दिसतस."

नेनेबाईंनी खटाखट बोटं चालवली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"ब… बो… बोरपाणी!" बेबाबाई खुर्चीतून अर्धी उठून झुंबरबाईकडं वळली. "अक्का, देख! आपलं गाव!"

"लोकसंख्या सहाशे बारा," नेनेबाई वाचत गेल्या. "विहिरी, एक, कोरडी. हातपंप, शंभर."

मागच्या चौघी पुढं सरकल्या.

"कितला?" झुंबरबाईनं विचारलं.

"शंभर. त्यामुळे यादीत तुमचा नंबर शेवटचा आहे. त्रेसष्टावा."

"अरे माय वं! शंभर हातपंप? मंग मी रोज सकाळे त्या एकाच दांड्याले का लटकस? बाकीना नव्व्याण्णव कोठे दडायी ठेवात व बेबी?"

बेबाबाईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "मी शंभर नई लिखं," ती पुटपुटली. "देवनी आन."

नेनेबाईंनी गठ्ठ्यातून फॉर्म काढून पुढे धरला. अक्षर बेबाबाईचंच होतं, गोल, टपोरं, जपून काढलेलं: हातपंप – १ शे.

"हे बघा ना. एक शे. म्हणजे शंभरच की."

"एक शे," बेबाबाई म्हणाली. "एकच शे!"

"तेच म्हणते मी. एकशे."

दाराशी पाण्याचा माठ भरणारा शिपाई लोटन, मूळचा एरंडोलचा, तांब्या खाली ठेवून इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

"मॅडम, आमच्या बोलीत शे म्हणजे आहे! एक शे, म्हणजे एक आहे!"

नेनेबाईंनी कपाळाला हात लावला. बेबाबाई मात्र हसली नाही. एका अक्षरानं, तेही तिच्याच हातच्या, अख्ख्या गावाची बोअर चालली होती. अंगठाच उठवत राहिले असते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"हरकत नोंदवा," नेनेबाई घाईनं म्हणाल्या. "मला एकटीला आकडा बदलता येत नाही. गावच्या पाच जणांनी आपापलं नाव स्वतः टाईप करायचं, मगच तो बदलतो. अंगठा चालत नाही. चार वीस झालेत."

पाच जणी होत्या. पण लिहिता येत होतं चौघींनाच. झुंबरबाई वर्गाला कधी फिरकलीच नव्हती. "मढं गेलं ते शिकनं," असं ती वर्गाच्या खिडकीतून ओरडून सांगायची.

चौघींची नावं होईस्तोवर पावणेपाच झाले. शेवंताबाईनं तर आपलं नाव दोनदा पुसून तिसऱ्यांदा बरोबर आणलं.

"अक्का, हात आण," बेबाबाई म्हणाली आणि नेनेबाईंचं पेन घेऊन झुंबरबाईच्या तळहातावर एकेक अक्षर सुटं काढलं. "वाचू नको. नुसतं जुळाव. हाऊ असा आकार तठे कोठे शे ते धुंड."

झुंबरबाई कळांवर वाकली. डाळीतले खडे निवडावेत तशी नजर फिरू लागली. "हाऊ!" तिनं बोट रोवलं. जिथं लागेल तिथं दुसरी कळ नेनेबाई दाबून धरत होत्या. "आनि ही टिकली?"

"अनुस्वार," बेबाबाई म्हणाली. "दाब."

"टिकलीबी शे यामा? मंग यंत्र बाईमाणूसच शे!"

चार सत्तावन्नला पडद्यावर पाचवं नाव पुरं झालं: झुंबरबाई. नेनेबाईंनी एक कळ दाबली. आकडा लुकलुकला. शंभर गेले, एक राहिला. बोरपाणी त्रेसष्टावरून सरकत सरकत चौथ्या नंबरला येऊन थांबलं. कोपऱ्यातलं छपाईचं यंत्र करकर करत कागद ओकू लागलं आणि चौघीजणी त्या कागदाभोवती, लेकरू जन्मल्यासारख्या गोळा झाल्या. झुंबरबाई तळहात मिटून उभी होती, अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून.

"झालं बघा," नेनेबाईंनी सुस्कारा सोडला. "पाच वाजले. बंद करू ना?"

"थांबा," बेबाबाईनं खुर्ची पुढं ओढली. "हाई तं मीच चुकनू. बाकीनं कोन चुकनं तेबी पाहू. आमनी शाळा दखाडा."

नेनेबाईंनी घड्याळाकडं पाहिलं, पाचही जणींकडं पाहिलं, आणि बोटं कळांवर ठेवली.

"शाळा," त्या वाचू लागल्या. "पक्क्या खोल्या, चार."

"चार?" झुंबरबाई ओरडली. "दोनच तं शेतस!"

"शाळाना फॉर्मवर कोन्हं अक्षर शे?" बेबाबाईनं पदर खोचला. "लोटन भाऊ, जीपवाल्याले सांगा, आमले टाइम लागी."