घोडीची उजवी बाजू

नाव घरी नेणाऱ्याने ठेवायचं, असा ओक्लाहोमातल्या आमच्या गावचा रिवाज आहे. म्हणून तोवर ती नुसती सतरा, गळ्यातल्या बिल्ल्यावरच्या आकड्याची. नेवाडाच्या माळावरून धरून आणलेली मातकट रानघोडी, पाठीवरून शेपटीपर्यंत काळा पट्टा. दोघांनी तिला हौसेने घरी नेलं होतं आणि दोघांनीही नाव ठेवण्याआधीच परत आणून सोडलं होतं.

"वर्लीनबाई, हे शेवटचं," रानघोड्यांच्या सरकारी छावणीचे साहेब मला म्हणाले होते. "साठाव्या दिवशी, शनिवारी पाचपर्यंत नव्या मालकाच्या हाताने ट्रेलरमध्ये चढली तर ठीक. नाहीतर पुन्हा कुणाला दाखवायची नाही." म्हणजे उरलेलं आयुष्य छावणीच्या कुंपणात, शेकडो घोड्यांच्या गर्दीत.

घोडे माणसाळवणं हे माझं काम, आणि हातात साठ दिवस होते. रानघोडीच्या मागे लागलं की ती पळते. पाठ करून बसलं की तिला राहवत नाही. मी रिंगणात पालथ्या बादलीवर बसायची आणि रविवारचं प्रवचन गुणगुणायची. आमच्या चर्चचे पाळक सुरुवात करतात साध्या बोलण्यात, मग बोलणं हळूहळू चढतं, सूर धरतं, आणि शेवटी गाणंच होतं. त्या दिवसांत बायबलातल्या बलामाच्या गाढवीची कथा रंगली होती. वाटेत उभा असलेला देवदूत गाढवीला दिसतो आणि पाठीवरच्या शहाण्याला दिसत नाही!

चौथ्या दिवशी माझ्या मानेवर ऊन श्वास आला. नवव्या दिवशी तिने माझी टोपी ओढली. मी गोष्ट मध्येच थांबवली की ती एक पाऊल पुढे येई. तिला काय कळत होतं, देव जाणे. पण पुढे काय झालं हे ऐकायचं असल्यासारखी ती यायची, हे खरं. पुढे तोंडाला मोहरकी घालून घेतली, चारही पाय उचलू दिले, माझ्यामागून ट्रेलरमध्येही चढली.

शनिवारी दोन वाजता नव्या मालकीण, आमच्या देवळातल्या ओझेला मावशी आल्या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात लुळा. दोरी धरायची तर डाव्या हाताने, आणि डाव्या हाताने घोडी चालवायची तर उभं राहायचं तिच्या उजवीकडे. मावशी सरळ तिकडे गेल्या.

सतरा उसळली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली, कुंपणावर आदळली आणि पलीकडच्या टोकाला जाऊन थरथरत राहिली.

कुंपणावर बसलेला माझा थोरला भाऊ क्लीव्हन हसला. "साठ दिवस प्रवचन दिलंस, आणि तेही अर्ध्याच घोडीला! डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजव्याला पुन्हा दाखवावं लागतं, हे बाबा सांगून सांगून थकले."

"बाबांनीच डावीकडून चढायला शिकवलं, दादा. सरकारनेसुद्धा तिच्या मानेवर डाग डावीकडेच दिलाय."

पण ती सबब होती. दर रविवारी प्रार्थनेनंतर मी मावशींचा डावाच हात हातात घेत होते. घोडी त्यांची होणार, हे महिनाभर ठाऊक होतं. तरी घोडीची उजवी बाजू माझ्या डोक्यात आली नाही. बलामापेक्षा मी काय वेगळी?

"मावशी, चुकले मी. एका दुपारात उजवी बाजू शिकवायची म्हणजे..."

"तू काय गुणगुणतेस गं तिच्यापाशी?"

मी सांगितलं. मावशींचा चेहरा उजळला. "मग बादली आण. तू डावीकडे बस, मी उजवीकडे. आणि पाळकांसारखं म्हण. देवळात देतो तशी मागून मी साथ देते. क्लीव्हन, तू गप्प बस."

आम्ही दोघी घोडीकडे पाठ करून बसलो. मी सूर धरला. "आणि बलाम गाढवीवर बसून निघाला..."

"निघाला गं बाई, निघाला!" उजवीकडून मावशींचा भरदार आवाज आला.

मी हळूच मागे पाहिलं. सतराचा डावा कान माझ्याकडे होता. उजवा गोल फिरला आणि मावशींकडे थांबला.

"आणि त्याने तिला मारलं, एकदा नाही, तीनदा!"

"का मारलंस रे तिला? का मारलंस?"

"दिसत नव्हतं ना त्याला!" कुंपणावरून क्लीव्हन ओरडला. हा माणूस वर्षातून एकदा देवळात येतो.

तासभर चाललं हे. घोडी कधी माझ्याकडे वळे, कधी तिकडे. मग मी आवाज चढवला. "आणि वाटेत कोण उभं होतं?"

थांबले. मावशींनीही उत्तर दिलं नाही, मुद्दामच.

टापा वाजल्या. एक पाऊल, मग दुसरं. माझ्याकडे नाही, उजवीकडे. तिने मान खाली घातली आणि मावशींच्या मांडीवरचा लुळा हात हुंगला. खूप वेळ हुंगला. तो हात काही मागत नव्हता, पकडत नव्हता. मावशींच्या डोळ्यांना पाणी आलं. मग डावा हात सावकाश वर आला आणि घोडीची मान उजवीकडून खाजवू लागला.

पावणेपाचला सतरा ट्रेलरसमोर उभी होती, दोरी मावशींच्या डाव्या हातात. पुढचे दोन पाय आत, आणि तिथेच अडली. मावशी तिच्या उजव्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. मागचे पायही आत गेले.

साहेबांनी कागद पुढे केला. "नाव काय लिहू?"

"घरी गेल्यावर," मावशी म्हणाल्या. "आधी तिला देवदूताचं सांगायचंय. मघाशी तिथेच थांबलो ना."

क्लीव्हन गाडीच्या स्टिअरिंगवर बसला, मावशी त्याच्या शेजारी, उजव्या खिडकीशी. काच खाली होती. गाडी वळताना मावशींचा आवाज आला, आधी साधं बोलणं, मग चढत चढत सूर. ट्रेलरच्या फटीतून मला घोडीचा उजवा कान दिसला. तो त्या खिडकीकडे वळला होता.