फिलाग्रसच्या वाट्याचे पाणी

मी एक जुने मडके आहे. मडके म्हटले की तुम्हाला तेल आठवेल, वाइन आठवेल. माझ्यात मात्र लोकांचा बोलण्याचा वेळ मोजला जाई.

मेलिंथा नगराच्या न्यायसभेत मी तिवईवर बसत असे. माझ्या पोटाच्या तळाशी कांस्याची एक बारीक तोटी आहे. बोलणारा उभा राहिला की मला काठोकाठ भरत आणि तोटी मोकळी करत. धार खालच्या मडक्यात पडे. धार संपली की बोलणे संपले, मग बोलणारा जमीनदार असो वा कोळी.

मला निकारेते नावाच्या विधवेने घडवले. नवऱ्यामागे भट्टी तीच चालवत होती. धार मनासारखी पडेना म्हणून तिने माझी तोटी तीनदा काढून पुन्हा बसवली. ज्या सभेसाठी तिने एवढा जीव लावला, तिथे बाईमाणसाला बोलता येत नसे. तरी मला पोचवताना ती म्हणाली होती, "कोणाला थेंबभर जास्त नाही, थेंबभर कमी नाही."

माझी व्यवस्था मानेसकडे होती. मानेस नगराचा गुलाम होता. लहानपणी त्याला समुद्रापलीकडून आणून विकले होते. त्यालाही सभेत बोलण्याचा हक्क नव्हता, पण सभेचे सगळे नियम त्याला पाठ होते. साक्ष चालू असेल किंवा कायदा वाचला जात असेल तेव्हा पाणी थांबवायचे, हा त्यांतलाच एक. तेवढा वेळ तो अंगठ्याने माझी तोटी दाबून धरी. वीस वर्षे तो अंगठा चुकला नाही. परगावचे लोकसुद्धा म्हणत, मेलिंथात पाणी खोटे बोलत नाही. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग डोंगरापलीकडच्या नगराशी आमचे युद्ध पेटले. आमचा सेनापती फिलाग्रस तोंडाने फटकळ होता. तटाबाहेर खंदक खणायचा ठरला, तेव्हा त्याने श्रीमंतांच्या मुलांनाही कुदळी दिल्या आणि पहिली कुदळ स्वतः मारली. तो राग पुष्कळांच्या मनात राहिला होता.

तीनशे माणसे घेऊन तो खिंड अडवायला गेला. दुसऱ्या दिवशी तुकडी माघारी आली. तेवीस जण परतले नाहीत. फिलाग्रस सर्वांच्या मागून आला आणि त्याच्याजवळ ढाल नव्हती.

मित्रांनो, आमच्याकडे याहून मोठी नामुष्की नव्हती. रांगेत प्रत्येकाची ढाल शेजाऱ्याला झाकते. ती टाकणारा शेजाऱ्याला उघडा पाडतो. अँटिमेनिस नावाच्या श्रीमंत गृहस्थाने लगेच फिर्याद केली. गुन्हा शाबीत झाला असता तर फिलाग्रसचे नागरिकत्व गेले असते. सभेत बोलणे नाही, मत नाही, देवळाची पायरी नाही. आपल्याच गावात तो परका झाला असता. आणि सेनापतिपद अँटिमेनिसला हवे होते.

खटल्याच्या आदल्या सकाळी मानेस मला कारंज्यावर धूत होता. तिथे अँटिमेनिस आला. उद्या फिलाग्रस बोलायला उभा राहील त्याआधी तोटी कानशीने जरा घासून रुंद करावी, म्हणजे पाणी लवकर संपेल, असे त्याने हळूच सुचवले.

"कोणाला कळणार नाही, मानेस. मी सभेत ठराव आणून तुला मोकळा करवतो."

स्वातंत्र्य हा शब्द त्याच्याशी आजवर कोणी बोलले नव्हते. तो बराच वेळ मला धूतच राहिला. मग म्हणाला, "कानस नाही माझ्याकडे, मालक."

"मी देतो."

"नको. मला ती वापरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दोनशे एक पंच बसले. अध्यक्षपद त्या दिवशी चिठ्ठीने एका मधमाश्या पाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे आले होते. अँटिमेनिस सुरेख बोलला आणि माझ्या शेवटच्या थेंबापर्यंत बोलला. मग मला पुन्हा भरले. फिलाग्रस उठला. शत्रू शेळ्यांच्या वाटेने मागून येत होता, आपण अडकलो असतो तर तटावर उभे राहायला कोणी उरले नसते, म्हणून माघारीचा हुकूम आपणच दिला, असे त्याने सांगितले. ढाल टाकली हे खरे, असेही सांगितले. का टाकली, ते काही त्याने सांगितले नाही. त्याच्या वाट्याचे पाणी अजून चार बोटे उरले होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मिक्कोस नावाचा चांभार कुबडीवर उठला. मला साक्ष द्यायची आहे, असे त्याला म्हणायचे होते. पण तो जन्माचा तोतरा. "मी... मी... मी सा..." एवढ्यावरच तो अडकला. पंच हसू लागले. माझी धार चालूच होती. मित्रांनो, आपल्याच पोटातले पाणी आपल्याला अडवता येऊ नये, याचे दुःख मला त्या दिवशी कळले. चार बोटांचे तीन झाले, तिनांचे दोन.

आणि मानेसचा अंगठा माझ्या तोटीवर घट्ट बसला.

"पाणी का अडवलंस?" अँटिमेनिस ओरडला.

"साक्ष चालू आहे, मालक."

"ही कसली साक्ष? नुसता अडखळतोय तो. आणि हे ठरवणारा तू कोण?"

"मी कोणीच नाही. नियम तुमच्या सभेनं केलाय. मी फक्त अंगठा ठेवलाय."

अध्यक्षांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मानेसकडे. "अंगठा राहू दे," ते म्हणाले. "मिक्कोस, सावकाश बोल बाबा. आम्ही बसलोय."

मिक्कोस बोलला. एकेका शब्दाशी झगडत बोलला, आणि आता कोणी हसले नाही.

"माझ्या मांडीत भा... भाला घुसला होता. मी म्हटलं, सोडा मला इथंच. सेनापतींनी ढाल टाकली, मला पाठीवर घेतलं, खाली जखमींच्या गाडीत घातलं आणि ते परत मागं गेले. माणूस उचलायला दोन्ही हात ला... लागतात. हे मी आधीच सांगायला हवं होतं. लोक हसतात म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं."

फिलाग्रस तेरा मतांनी सुटला.

त्या वर्षी लोकांनी त्याला पुन्हा सेनापती केले नाही. खंदक कोणी विसरले नव्हते. अँटिमेनिसलाही केले नाही. कापणीच्या दिवसांत शत्रू तटाशी आला, तेव्हा फिलाग्रस उसनी आणलेली ढाल घेऊन साध्या शिपायासारखा रांगेत उभा राहिला. तट टिकला. पुढे उत्तरेकडची भिंत दुरुस्त करावी, असे मिक्कोसने भर सभेत मांडले. त्याला फार वेळ लागला, पण ठराव झाला.

मानेसला मात्र स्वातंत्र्य मिळाले नाही. अध्यक्षांनी सांगण्याआधीच पाणी अडवले, अशी तक्रार झाली आणि त्याला गटारे उपसायला पाठवले. दोन हिवाळ्यांनंतर तो वारला. त्याच्या नावाने सभेत कोणी काही बोलले नाही, म्हणून मी बोलते आहे.

त्याच्यानंतर माझी काळजी घेणारे कोणी उरले नाही. तोटीत चुना साचत गेला, धार मंदावली. बोलघेवड्यांना जास्त वेळ मिळू लागला. त्यांनी का तक्रार करावी? शेवटी नवे मडके आले. आता मी कोठीत, फुटक्या कौलांशेजारी पडून आहे.

मित्रांनो, मला पुन्हा तिवईवर बसवा, असे मी म्हणणार नाही. जे नवे मडके बसवले आहे, त्याची तोटी रोज सकाळी बघा. काडीने साफ करा. ते काम गुलामाचे म्हणून सोडून देऊ नका. सभा तुमची आहे. आणि एखादा अडखळत बोलायला उठला, तर त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत बसून राहा.