बोरीची पाळी

सुज्ञ वाचकहो, हवेच्या झोताने एका बोरीची मुळे कशी उघडी केली, व त्यापायी एका वृद्धेने काय सोडले, तो वृत्तांत मी यथामती कथन करीत आहे.

त्या वर्षी अल-खुदैरा गावचा पाट रोडावला. डोंगरातून येणाऱ्या या पाण्यावर प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाटाचे कारभारी नासिर यांचे मत पडले की, काठावरील बोर पाणी चोरते. मूळ पाटात आढळल्यास असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापूर्वी झाडाला करवत लागणार होती. कुदळीने मूळही तुटते आणि पाटाची जुनी भिंतही. म्हणून कॉम्प्रेसर व दाबलेल्या हवेने माती उडविणारी पहार घेऊन मला पाचारण झाले.

बोर झुवैना माय यांच्या अंगणात होती. गावातील मृतांना तिचाच पाला घातलेल्या पाण्याने अंघोळ घालीत. मायचे पती व दोन्ही कन्या त्याच पाण्याने अखेरचे न्हाले होते.

"माय, बाजूला सरक, धूळ उडेल," मी म्हणालो.

"उडू दे. ऐंशी वर्षं धूळच खाल्ली. तू फक्त माझ्या झाडाला गुदगुल्या करू नकोस."

मी कळ दाबली. माती सोनेरी धुक्याप्रमाणे उठली. निद्रिस्त माणसाच्या अंगावरील चादर अलगद ओढावी, तशी मुळे एकेक प्रकट झाली. कोणाचे कोपर, कोणाची बोटे. वर वारा नसताना पाने थरथरत होती. मला भासले की मीच जमिनीखाली उभा असून माझ्यावर मुळांचे आकाश पसरले आहे.

एक जाड मूळ भिंतीच्या फटीत शिरले होते. आत, वाहत्या पाण्यात, तांबूस तंतूंची दाढी संथ डोलत होती. नासिर दूर खोकत होते. मूठभर मातीने सर्व झाकले असते. माझा हात मातीपर्यंत गेलाही.

"सापडलं ना?" माय म्हणाली.

"होय, माय."

नासिर वाकून पाहू लागले. "बघा! आपण पाळीची वाट बघायची, आणि हिला घड्याळच नाही!"

"मग तू बांध तिच्या मनगटाला."

"थट्टा नको, माय. पाळीशिवाय थेंब नाही. तुझ्या सासऱ्यानंच घातलेला नियम आहे."

माय त्या तंतूंकडे वाकली. "माझी पाळी कधी रे?"

"सोमवारी. अर्धा तास."

"ती बोरीच्या नावानं कर. आठवडाभर ती पिते, त्याच्या बदल्यात माझा अर्धा तास गावाला."

"झाडाच्या नावानं पाळी? लोक हसतील मला!"

"मशिदीच्या नावानं आहे की. मशीद काय ओंजळ घेऊन येते?"

नासिर यांनी टोपी काढून डोके खाजविले.

"आणि त्या पाण्यावरची तुझी लिंबाची झाडं?"

"वाळतील."

"परत मागायची नाही हं, माय."

"नाही मागणार."

करवत गाडीत परत गेली. हवा माती उडविते, परंतु ती परत भरीत नाही. म्हणून मुळांवर ओली गोणपाटे घालून मी हातांनीच माती ओढली.

सोमवारी नासिर यांनी स्वतः मायच्या वाफ्याचे तोंड चिंध्या व दगड घालून बंद केले. पाणी तिच्या लिंबांपुढून चमकत निघून गेले. माय बोरीच्या सावलीत बसून ते दिसेनासे होईतो पाहत होती.

माझ्या अल्प शिक्षणाचे दोष पोटात घालून इथवर वाचल्याबद्दल आपणां सर्वांचे आभार मानणारा,
सुलैयम बिन खल्फान