हाक कुणाची होती

शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट सुटली तेव्हा क्लबची सगळी मंडळी सदाभोवती कोंडाळं करून बसली होती, आणि कप्तान यज्ञेश्वर एकटाच कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होता.

खरं तर हा दौरा त्यानेच ठरवला होता. १९३५ सालचा जानेवारी महिना होता. रविवारी मॅच, सोमवारी सुट्टी, आणि मुक्काम नागावला त्याच्या सासऱ्यांच्या वाडीत. मेव्हणा हरेश्वर नागावच्या संघाचा कप्तान होता. बायको कुमुद आईच्या आजारपणामुळे महिनाभर माहेरीच होती. म्हणजे हे दोन दिवस सगळ्या अर्थाने यज्ञेश्वरचे असायला हवे होते.

गिरगावातल्या कारकुनांचा आणि मास्तरांचा हा क्लब त्याने हातात घेतला तेव्हा पुरत्या बॅटीही नव्हत्या. तेव्हापासून पहिल्या नंबरावर तोच जायचा. अडचण आली की मंडळी म्हणायची, "यज्ञेश्वर आहे ना अजून!" गेल्या पावसाळ्यानंतर एका विमा कचेरीतला हा सदा क्लबात आला, आणि दोन महिन्यांत वाक्य तेच राहून नाव तेवढं बदललं. सदा दिसायला किरकोळ, बोलायला मऊ. बॅट हातात घेतली की मात्र त्याला कसली घाई नसायची. त्याच्याबद्दल वाईट बोलावं असं काही सापडत नव्हतं, आणि यज्ञेश्वरला तेच सहन होत नव्हतं.

रेवसला उतरून मोटारीने अलिबाग आणि तिथून दोन बैलगाड्यांतून मंडळी ऊन कलताना नागावला पोचली. सासरे नाना अंगणात उभेच होते. त्यांनी जावयाची विचारपूस केली, सगळ्यांना शहाळी दिली आणि मग म्हणाले, "तुमच्यातला तो सदा कोण हो? हरेश्वरच्या कानावर आलंय, मुंबईला फार बोलबाला आहे म्हणे."

"मी नाही हो तसा कोणी," सदा लाजून म्हणाला.

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला वाडी दाखवायला घेऊन गेले. पोफळी, माड, नवी लावलेली जायफळं, सगळं. यज्ञेश्वरला आठवलं, लग्नानंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा नानांनी त्याला वाडी दाखवायला गड्याला पाठवलं होतं.

संध्याकाळी अंगणामागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्डीचा पाला घालून मडकं उलटं ठेवलं आणि भोवती पेंढा पेटवला. माहेरच्या अंगणात कुमुद मोकळी वावरत होती. गिरगावच्या खोलीत ती पदर सावरून भिंतीकडेने चालायची. इथे तिचा आवाजसुद्धा मोठा होता. गरम शेंगा पत्रावळीवर वाढताना ती सदापाशी थांबली.

"सदाभाऊ, उद्या टॉस जिंकलात तरी आधी बॅटिंग घेऊ नका. सकाळी वाळू ओली असते. दुपारकडे बरीच वाळते, तरी उत्तरेच्या टोकाला चेंडू उठत नाही, चटईवर पडून सरपटतो. तिथे मागे सरून खेळलात की गेलात."

सदा खाता खाता थबकला. "वहिनी, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"हरेश्वरदादाला लहानपणी बॉल टाकायला दुसरं होतं कोण?" ती हसली. "माडाच्या झावळीच्या बुंध्याची बॅट होती आमची. दादा चिडला की बुंधा घेऊन माझ्याच मागे लागायचा."

मग सदाने काहीतरी विचारलं, तिने हातातलं सूप खाली ठेवून मनगट वळवून दाखवलं, आणि दोघंही हसली. शेजारी हरेश्वरही हसत होता. त्यात गैर काहीच नव्हतं. सगळं घर भोवती होतं. पण यज्ञेश्वरच्या हातातली शेंग तशीच राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. दर शनिवारी तो बॅट खांद्यावर टाकून जात होता, दर शनिवारी परत येत होता, आणि ही बाई बॉल टाकायची हे त्याला आज, दुसऱ्याला सांगताना, कळत होतं.

"कप्तान, ऐकलंत का वहिनींचं?" सदा उत्साहाने म्हणाला.

"चूल सोडून बायका मॅच सांगायला लागल्या, आता आपण काय करायचं?" यज्ञेश्वर म्हणाला. कोणी फारसं हसलं नाही. कुमुदने सूप उचललं आणि ती आत गेली.

सकाळी समुद्र मागे सरला आणि कडक वाळूवर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकली. टॉस यज्ञेश्वरने जिंकला. क्षणभर त्याला वाटलं, मुद्दाम बॅटिंग घ्यावी. पण सगळ्या संघाने कालचं ऐकलं होतं, म्हणून त्याने नागावला खेळायला सांगितलं. नागावच्या अठ्ठ्याण्णव धावा झाल्या. कोळीवाड्यातल्या गुणाजीने शेवटी येऊन दोन चेंडू सुरूच्या बनात भिरकावले तेव्हा बघ्यांनी केवढा ओरडा केला.

मुंबईच्या डावात उत्तरेच्या टोकाला पडणारा चेंडू खरंच सरपटू लागला. मागे सरून खेळणारे एकामागून एक परत आले. यज्ञेश्वर पाय रोवून एका बाजूला उभा राहिला, आणि दुसऱ्या बाजूला सदा आला. सदा प्रत्येक चेंडूला पुढे येऊन खेळत होता. बनाच्या कडेला घरच्या बायका बसल्या होत्या. सदाच्या एका फटक्यावर कुमुदने टाळी वाजवली. पायांखालची चटई निसटावी तसं यज्ञेश्वरला झालं. त्याच्याही वीसेक धावा झाल्या होत्या. त्यांना टाळी पडली होती की नाही, त्याला आठवेना.

भरती येऊ लागली होती. पाणी मैदान गिळण्याआधी मॅच संपायला हवी होती, पण घाबरण्याचं कारण नव्हतं. जिंकायला पंधरा धावा हव्या होत्या आणि सदा ऐन भरात होता. तेवढ्यात एक चेंडू सदाच्या बॅटची कड घेऊन मागे गेला, थेट पाण्याच्या दिशेने. चेंडू पाठीमागे गेला की हाक समोरच्याने द्यायची. सदाने नियमाप्रमाणे यज्ञेश्वरकडे बघितलं.

"चल!" यज्ञेश्वर म्हणाला.

सदा निघाला. यज्ञेश्वरही दोन पावलं पुढे आला, आणि मग थांबला. बॅट मागे टेकवून उभा राहिला. सदा मधोमध आला तेव्हा त्याला ते दिसलं. तो वळला, त्याचा पाय वाळूत सटकला. गुणाजीने पाण्यातून चेंडू उचलून फेकला आणि यष्ट्या उडाल्या.

"आऊट हाय!" बघे नाचायला लागले.

"मी नको म्हणालो होतो," यज्ञेश्वर दोन्ही हात पसरून म्हणाला. "वाऱ्यात ऐकू गेलं नसेल."

सदा गुडघ्याची वाळू झटकत होता. त्याने एकदा कप्तानाकडे बघितलं. "माझीच चूक," तो म्हणाला आणि बनाकडे चालू लागला.

यज्ञेश्वरला वाटलं होतं, आता उरलेल्या धावा आपण काढू, आणि सगळ्यांना जुनं वाक्य पुन्हा आठवेल. दुसऱ्याच षटकात तो उत्तरेच्या टोकाला मागे सरून खेळला आणि चेंडू त्याच्या बॅटखालून यष्ट्यांवर गेला. मुंबई नऊ धावांनी हरली.

जेवणाच्या पंगतीत नानांनी सदाला उकडीचा मोदक आग्रहाने वाढला. "तेवढी घाई केली नसतीत तर जिंकला होतात हो!"

"खरं आहे, नाना. घाईच झाली," सदा म्हणाला. कुमुद तूप वाढत होती. यज्ञेश्वरच्या पानावर तिने तूप वाढलं, पण वर बघितलं नाही.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा ती रहाटाच्या विहिरीपाशी भांडी विसळत होती. यज्ञेश्वर तिथे जाऊन उगाच उभा राहिला.

"मॅच कशी वाटली?" त्याने विचारलं.

तिने तांब्या खाली ठेवला. "चेंडू मागे गेला होता. हाक तुमची होती."

"मी नको म्हणालो."

"नको म्हणालाच नाहीत."

"तुला एवढ्या लांबून वाऱ्यात ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं. पण ज्याला धाव नको असते तो माणूस चेंडूकडे बघतो, कुठवर गेलाय ते. तुम्ही चेंडूकडे बघतच नव्हता. सदाभाऊंकडे बघत होता."

यज्ञेश्वरला एकदम राग आला, आणि आलेला राग त्याने बोलून टाकला. "काल पोपटीपाशी त्याच्याशी केवढं बोलत होतीस! माझ्याशी आठ वर्षांत एक शब्द तरी बोललीस का क्रिकेटचा?"

ओल्या हातांनी कुमुदने कपाळावरचे केस मागे सारले.

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं मी, आज कुठल्या बाजूने वारा होता म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुला काय करायचंय. मग नाही विचारलं." तांब्या उचलत ती पुढे म्हणाली, "मी कुणाला काही सांगणार नाही. पण त्या माणसाने माझ्या वडिलांसमोर तुमची चूक आपल्या अंगावर घेतली. मला तूप वाढायची लाज वाटली."

भांडी टोपलीत भरून ती घरात गेली.

ऊन उतरल्यावर सदा समुद्रात बुडी मारून आला होता आणि वाळूत उभा राहून पंचा पिळत होता. यज्ञेश्वर त्याच्यापाशी गेला. येताना त्याने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच बाहेर आलं.

"सदा, मी 'चल' म्हणालो होतो."

"ठाऊक आहे. ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"सासुरवाडी तुमची. सगळ्या गावासमोर तुम्हाला खोटं कसं पाडायचं? आणि चूक होते माणसाची. आयत्या वेळी पाय थांबतो. माझाही थांबलाय कधीतरी."

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. सदाने त्याला वाट करून दिली होती. पण समोरचा चेहरा इतका नितळ होता, की त्याच्या त्या चांगुलपणाचाही यज्ञेश्वरला हेवा वाटला, आणि त्याच भरात तो बोलून गेला, "चुकून नाही झालं ते."

सदाचे हात पंच्यावर थांबले.

"ते मात्र ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "का?"

यज्ञेश्वर खाली वाळूकडे बघू लागला. सदाने पंचा खांद्यावर टाकला आणि तो वाडीकडे निघून गेला. सोमवारी परतीच्या बोटीत तो सगळ्यांशी नेहमीसारखा बोलला, कप्तानाशीही बोलला, पण भाऊच्या धक्क्यावर उतरताना थांबला नाही. हंगाम संपल्यावर त्याने क्लब सोडला. कचेरीपासून लांब पडतो, एवढंच कारण त्याने दिलं. मंडळी हळहळली. नागावची खरी गोष्ट त्यांना कधी कळली नाही.

पावसाळ्यानंतर सदाच्या नव्या क्लबाशी मॅच पडली. सुरू होण्याआधी सदा आपणहून आला, हात मिळवला आणि म्हणाला, "वहिनी बऱ्या आहेत ना? नानांना नमस्कार कळवा." मग तो खेळायला गेला आणि शेवटपर्यंत कोणालाच त्याला आऊट करता आलं नाही.

यज्ञेश्वर घरी आला तेव्हा कुमुद तांदूळ निवडत होती. बॅट कोपऱ्यात उभी करून तो तिच्यासमोर पाटावर बसला. अलीकडे तो असा बसू लागला होता. पहिल्या षटकापासून त्याने सगळी मॅच सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता सदाच्या डावापाशी तो थांबला.

"किती केल्या त्यांनी?" कुमुदने विचारलं.

"सत्तर."

"डावखुऱ्या बोलरला कसे खेळले?" तिचे डोळे चमकले होते, बोटं तांदळात थांबली होती.

त्याच्या छातीत जुनी कळ आली. चांगलीच आली. मग त्याने तिच्या ताटातले तांदळाचे दाणे घेऊन जमिनीवर मांडले, कोण कुठे उभा होता ते, आणि सदाने चेंडू कुठून काढला ते तिला दाखवू लागला.