सरकारी बांगडी

"काहून परत टाकतं वं माय? चांगला तर हाय," काठावर बसलेली नलू म्हणाली.

"बांगडीतून पडला ना? मंग तो नदीचा," वच्छलाबाई पाण्यातूनच बोलली.

गुडघाभर पाण्यात ती चिखल पायाच्या बोटांनी चाचपत होती. शिंपला लागला की वाकायचं, ओल्या मनगटातली पितळी बांगडी सरकन उतरवायची आणि शिंपला तिच्यातून घालून पाहायचा. अडकला तर टोपलीत, पडला तर पाण्यात. पैनगंगेचा हा डोह अभयारण्यात गेल्यापासून परवान्याशिवाय इथं पाय घालायला मनाई होती, आणि परवाना असला तरी मापाहून लहान शिंपला उचलायचा नाही, असा नियम होता. गावात आता एकट्या वच्छलाबाईचाच परवाना उरला होता.

नलू कळंबच्या दवाखान्यात परिचारिका होती. रविवारची आली होती. लहानपणी तिनं पुस्तकात शिंपल्यातल्या मोत्यांबद्दल वाचलं आणि टोपलीभर शिंपले उघडून पाहिले होते. मोती नव्हता. त्या रात्री रस्सा मात्र झकास झाला होता.

शेजारची विमलताई रिकामं पातेलं घेऊन काठावर आली. कापसाला भाव नव्हता, वेचणीला कुणी बायांना बोलावत नव्हतं. पाण्यात उतरायची तिला सोय नव्हती, म्हणून वच्छलाबाई रोज आपल्यातले ओंजळभर तिला देई.

"सरकारनं आमालेई अशी एखांदी बांगडी द्यावं," विमलताई म्हणाली. "नवरा तर काई देत नाई."

"अर्ज कर," वच्छलाबाई म्हणाली, आणि दोघी खळाळून हसल्या.

तेवढ्यात वनखात्याचा चौकीदार लालसिंग तपासणीला आला. टोपलीतले दोन-चार शिंपले त्यानं उलटसुलट करून पाहिले. "मावशी, तुमचं माप तर सरकारापेक्षा कडक हाय," एवढंच बोलून तो पुढे गेला. नलूनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याची पाठ फिरली होती.

ती बांगडी सरकारी आहे, असं सारा गाव समजत असे. नलूला खरं ठाऊक होतं. तिचे वडील, उकंडा, तापानं गेले तेव्हा ती चौथीत होती. बायांनी आईच्या काचेच्या बांगड्या फोडल्या. पितळी तेवढी त्याआधीच ज्वारीच्या कणगीत गेली होती. पुढं उकंडाचा परवाना बायकोच्या नावावर झाला, तेव्हा आई नलूला घेऊन कचेरीत गेली. साहेबानं परवान्यासोबत मापाचं एक लोखंडी कडं दिलं. परतताना नाल्यापाशी आईनं ते पिशवीत टाकलं, कनवटीची पितळी बांगडी काढली आणि हातात चढवली. घरी बायांनी डोळे वटारले तशी म्हणाली, "सरकारनं देल्ली. मोजमापाची हाय." सरकारच्या वस्तूला कोण काय बोलणार? लोखंडी कडं दाराआड खुंटीला अडकलं, वर बाबांचं जुनं जाळं आलं.

बांगडी त्या कड्याहून जरा मोठी होती. सरकारी कड्यात अडकले असते असे कितीतरी शिंपले त्यामुळे रोज पाण्यात परत जात. नलूला ते कळत होतं. आईला तिला कळतं हे कळत होतं. दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी एसटीपाशी आईनं तिच्या हातात एक शिंपी ठेवली. दगडावर घासून मधोमध भोक पाडलेली, कैऱ्या सोलायची.

"आतापासूनच?" नलू म्हणाली. "कैऱ्यायले अजून किती वेळ हाय."

"राहू दे जवळ. मंग येजो."

नलू आठवडा संपायच्या आतच आली. ओसरीवर बसल्या बसल्याच आई गेली होती. पाण्यात नाही, उन्हात. पुढ्यात धुतलेली टोपली पालथी होती.

अंघोळ घालून झाली. एका म्हातारीनं मनगटाला हात घातला. विधवेच्या हातात बांगडी कशी पाठवायची?

"तशीई ते सरकारची हाय," विमलताई डोळे पुसत म्हणाली. "परवान्यासंगं जमा करा लागन ना, लालसिंग?"

लालसिंग टोपी हातात घेऊन दारात उभा होता. त्यानं नलूकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

म्हातारी बांगडी ओढू लागली. पुसलेला हात कोरडा होता, ती निघेना.

नलू उठली. दाराआडचं जाळं तिनं बाजूला केलं. लोखंडी कडं गंजून खुंटीला चिकटलं होतं. ओढताना तळव्याला तांबडा डाग पडला. ते तिनं लालसिंगच्या हातात दिलं.

"सरकारचं हे."

म्हातारीचा हात थांबला. विमलताईनं कड्याकडे पाहिलं, मग बांगडीकडे. "मंग हे कोणाची वं?"

नलू आईशेजारी बसली. इतकी वर्षं जे दोघींनी ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते ती सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश म्हणाली,

"माह्या बाबानं घेतली व्हती तिले. कळंबच्या जत्रेत. राहू द्या तिच्या हातात."